यात्राकाळात सामानाची सुरक्षितता : भाविकांसाठी मार्गदर्शन

आपल्या परंपरेत तीर्थयात्रेस अनन्यसाधारण महत्त्व आहे. वर्षभराच्या कामधंद्यातून सवड काढून आणि पै-पै साठवून कुणी नवस फेडण्यासाठी, कुणी कुळाचार पाळण्यासाठी, तर कुणी केवळ देवदर्शनाच्या ओढीने घराबाहेर पडतो. अशा प्रवासात पिशवी चोरीस गेली, तर केवळ कापडाची पिशवी जात नाही. तीत वृद्धाच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात, परतीचे तिकीट असते, शेजारणीने देवीसाठी विश्वासाने सोपविलेली ओटी असते. कित्येकदा दर्शन राहून जाते आणि यात्रेची आठवण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून काढलेल्या दिवसाशी जोडली जाते. श्रींच्या चरणी आलेल्या कोणाही भाविकावर असा प्रसंग येऊ नये, या हेतूने पुढील माहिती देण्यात येत आहे.

प्रवासातील चोरीचे भय नवे नाही. रायगड जिल्ह्यातील वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले. त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. बंडाच्या धामधुमीत मिळविलेले द्रव्य लुटीत गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्या काळी वाटेवर सशस्त्र लुटारू असत. आजची वाट त्या मानाने निर्धोक आहे. आजचा चोर बहुधा शस्त्र दाखवीत नाही, तो भाविकाच्या बेसावध क्षणाची वाट पाहतो. म्हणूनच आजच्या बहुतेक चोऱ्या थोड्या पूर्वतयारीने टाळता येतात.

घरून निघण्यापूर्वी

सामान जितके कमी, तितकी त्याची राखण सोपी. प्रत्येक व्यक्तीने आपले सामान स्वतः उचलून शंभर पावले चालून पाहावे. ते जड वाटल्यास त्यातील काही घरीच ठेवावे. दुसऱ्याच्या मदतीवाचून उचलता न येणारी पिशवी गर्दीत हमखास कुठेतरी खाली ठेवावी लागते आणि तेथूनच ती नाहीशी होते. कुटुंबातील एकूण नग किती, हे सर्वांना पाठ असावे. गाडीत चढताना, उतरताना आणि निवासस्थान सोडताना नग मोजण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. सर्वांनी मोजायचे ठरले, की कोणीच मोजत नाही.

प्रत्येक पिशवीवर आणि पिशवीच्या आतही नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. बाहेरची चिठ्ठी फाटली तरी आतील चिठ्ठीवरून सामान धन्यास परत करता येते. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यांचे सामान पूर्वी बैलगाड्यांतून जात असे, आता ते ट्रकमधून जाते. हजारो पिशव्या व वळकट्या एकसारख्या दिसतात. त्यामुळे वारकऱ्याने नाव व गाव यांबरोबर आपला दिंडी क्रमांक आणि दिंडी रथापुढील की रथामागील, हेही लिहावे. इतर यात्रेकरूंनी पिशवीच्या मुठीला रंगीत चिंधी किंवा सुतळी बांधली, तरी आपले सामान लांबून ओळखू येते आणि चुकून होणारी अदलाबदलही टळते.

पैसे, ओळखपत्रे आणि औषधे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. पूर्वीची माणसे रोकड कमरेच्या कशात बांधत, स्त्रिया कनवटीला लावत आणि वाटखर्चाची चिल्लर तेवढी हाताशी ठेवत. ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. दिवसभराच्या खर्चापुरती रक्कम वरच्या खिशात असावी आणि उरलेली अंगावरील आतल्या खिशात असावी. थोडी रक्कम कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीजवळही ठेवावी. म्हणजे एक पाकीट गेले, तरी घरी परतण्याची सोय राहते. नेहमीच्या औषधांचा निदान दोन दिवसांचा साठा मोठ्या पिशवीत न टाकता जवळच्या झोळीत ठेवावा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत वेगळी बाळगावी.

आधारपत्र, तिकीट व बँकेचे कार्ड यांची छायाप्रत एक घरी व एक सामानात असावी. बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. तो केवळ मोबाईलमध्ये असल्यास मोबाईलबरोबरच जातो. मोबाईलवर *#०६# ही कळ दाबल्यास पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तोही त्याच कागदावर उतरवून घ्यावा. कार्डाचा गुप्त क्रमांक मात्र कार्डाबरोबर किंवा पाकिटात कधीही लिहून ठेवू नये.

यात्रेस निघताना मौल्यवान दागिने घालण्याची पुष्कळांना हौस असते. देवापुढे नटून जावे ही भावना गैर नाही, परंतु गर्दीच्या रांगेत मान वर करून कळस पाहणाऱ्या स्त्रीच्या गळ्यातील साखळीवर कोणाची नजर असेल, हे सांगता येत नाही. मंगळसूत्र पदराआड किंवा पोलक्याला पिनेने अडकवून ठेवावे. इतर दागिने घरी सुरक्षित ठेवणे अधिक श्रेयस्कर.

रेल्वे व एस.टी.च्या प्रवासात

रेल्वेच्या शयनयान डब्यात खालच्या आसनाखाली सामान बांधण्यासाठी कड्या असतात. त्यांत साखळी ओवून कुलूप लावावे. साखळी केवळ मुठीतून न नेता पिशवीच्या भक्कम पट्ट्यातून न्यावी. पैशांची व कागदपत्रांची पिशवी आसनाखाली न ठेवता झोपताना उशाशी, शक्यतो अंगाखाली घ्यावी. खिडकीजवळ बसून मोबाईल हातात धरणे, तो दाराशी उभे राहून वापरणे किंवा भारणीस लावून झोपी जाणे, हे तिन्ही प्रकार टाळावेत. गाडी फलाटावरून हळूहळू निघते, तेव्हा बाहेरून हात घालणारा सहज निसटतो. रात्री मोठ्या स्थानकांवर कुटुंबातील निदान एकाने जागे राहावे.

अनेकांची अशी समजूत असते, की तिकीट काढले म्हणजे सामानाची जबाबदारी रेल्वेवर आली. वस्तुस्थिती तशी नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०० नुसार, पावती घेऊन रेल्वेकडे नोंदविलेल्या सामानाची गोष्ट वेगळी आहे. प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाची हानी रेल्वेच्या अथवा तिच्या कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे किंवा गैरवर्तनामुळे झाली, असे सिद्ध झाल्याखेरीज रेल्वे जबाबदार राहत नाही. कमरेच्या पट्ट्यातील रोकड चोरीस गेलेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२३ मध्ये हाच दृष्टिकोन घेतला. प्रवासी स्वतःचे सामान सांभाळू शकला नाही, तर त्यास रेल्वेच्या सेवेतील त्रुटी म्हणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सारांश, जवळच्या सामानाचा पहिला राखणदार स्वतः प्रवासीच होय.

एस.टी. अथवा खाजगी बसने येणाऱ्यांनी मागील डिकीत ठेवलेल्या सामानावर प्रत्येक मोठ्या थांब्यावर नजर टाकावी. चहापाण्यासाठी सर्वांनी एकदम उतरू नये. हातातील पिशवी आसनावर ठेवून जागा धरण्याची सवय सोडावी. उतरताना सामान गाडीतच राहिल्यास ताबडतोब स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाशी संपर्क साधावा. प्रवास संपेपर्यंत तिकीट जपून ठेवावे, कारण त्यावरील तपशिलावरून गाडी शोधणे सोपे जाते. रिक्षा किंवा जीपने क्षेत्री येताना बसण्यापूर्वी वाहनाचा क्रमांक पाहून ठेवावा.

क्षेत्री आल्यावर

क्षेत्री पोहोचल्यावर मन निश्चिंत होते आणि नेमक्या याच वेळी सावधपणा सुटतो. स्नानाचा घाट, दर्शनाची रांग व महाप्रसादाची पंगत या तीन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी.

घाटावर कपडे व पाकीट काठावर ठेवून सर्वांनी एकाच वेळी पाण्यात उतरू नये. अनोळखी व्यक्तीस ‘जरा लक्ष ठेवा’ असे सांगून जाणे म्हणजे राखण नव्हे. ती व्यक्ती सज्जन असली, तरी तिलाही आपल्या मार्गाने जायचे असते. दर्शनरांगेत पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. खांद्यावरील झोळी पुढे पोटावर घ्यावी. अचानक रेटारेटी झाल्यास एक हात मुलाच्या हातात व दुसरा झोळीवर असावा. दोहोंपैकी एकच धरणे शक्य असेल, तर झोळी सोडावी आणि मूल धरावे.

निवासाच्या खोलीत प्रवेश करताच खिडक्यांच्या कड्या व दाराचा कोयंडा तपासावा. स्वतःचे कुलूप लावण्याची सोय असल्यास तसे करावे. खोलीची किल्ली दर्शनास जाताना लहान मुलांकडे देऊ नये. कपडे बदलण्याच्या घाईत खिडकीच्या गजाजवळ अडकविलेली विजार बाहेरून काठीने ओढून नेणे, हा चोरट्यांचा फार जुना प्रकार आहे.

अनेक मंदिरांत मोबाईल व मोठ्या पिशव्या आत नेण्यास मनाई असते. अशा वेळी सामान मंदिराच्या अधिकृत सामानघरातच ठेवावे आणि बिल्ला अथवा पावती अवश्य घ्यावी. रेल्वे स्थानकावरील सामानघरात ठेवावयाच्या पिशवीस कुलूप असणे आवश्यक असते. पावती न देता ‘हार-प्रसाद घ्या, सामान फुकट ठेवा’ म्हणणारे पुष्कळ दुकानदार प्रामाणिकच असतात. तथापि पावती नसेल, तर कोणते सामान कोणाकडे दिले हे पुढे सिद्ध करता येत नाही. रोकड, दागिने व औषधे सामानघरातही ठेवू नयेत. मिळालेला बिल्ला झोळीत न टाकता आतल्या खिशात ठेवावा, कारण बिल्ला ज्याच्या हाती, सामान त्याच्या हाती.

सामान राखणाऱ्याचे दर्शन

सामानाच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोणत्याही क्षेत्री गेले, तरी घाटाच्या पायऱ्यांवर किंवा सभामंडपाच्या कडेस पाच-सहा पिशव्यांच्या मध्ये बसलेली एखादी वृद्ध माता दिसते. घरची मंडळी दर्शन घेऊन येतात, पेढे घेतात आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघतात. तिला विचारले तर ती म्हणते, “मी कळसाला हात जोडले, मला पावले.” कळसाचे दर्शनही देवदर्शनच, ही आपली श्रद्धा आहे. परंतु ज्याला गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही त्याच्या समाधानासाठी ही श्रद्धा आहे. सामान राखण्यासाठी कोणास बाहेर बसविण्याचे ते कारण होऊ नये.

अशी माता कित्येकदा घरात सर्वांत आधी यात्रेचे नाव काढणारी असते. शिवाय गर्दीत एकट्या वृद्ध व्यक्तीने सहा नगांची राखण करणे तिच्यासाठीही सुरक्षित नाही. चोरटे नेमकी अशीच व्यक्ती हेरतात. एक जण पत्ता विचारून तिचे लक्ष वेधतो आणि दुसरा पिशवी उचलतो. पुढे त्या चोरीचा दोषही तिच्याच माथी येतो. यास्तव भाविकांनी सामान सामानघरात ठेवावे. ते शक्य नसल्यास आळीपाळीने दर्शनास जावे आणि पहिली पाळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस द्यावी. दर्शनापूर्वीच ‘आज सामानाजवळ कोण व किती वेळ’ हे ठरविल्यास कोणाचेही दर्शन राहत नाही.

फसवणुकीचे काही प्रकार

पुढील प्रकार महाराष्ट्रात वारंवार घडलेले आहेत. ते माहीत असल्यास भाविक सहसा फसत नाही.

१. साध्या वेशातील इसम आपण पोलीस असल्याची बतावणी करतो. ‘पुढे लूटमार झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगतो आणि स्वतः बांधून दिलेल्या पुडीत खडे निघतात. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढावयास सांगत नाही. अशा वेळी आपण पोलीस चौकीत येऊन बोलू, असे सांगावे.

२. ‘तुमच्या नोटा खाली पडल्या’ किंवा ‘सदऱ्यावर घाण पडली’ असे सांगून लक्ष विचलित केले जाते. असे कोणी म्हणताच प्रथम पिशवीवर हात ठेवावा, मग खाली पाहावे.

३. प्रवासात ओळख वाढवून चहा, बिस्कीट अथवा प्रसाद म्हणून गुंगीचा पदार्थ दिला जातो. प्रसाद नाकारण्याचा संकोच वाटल्यास तो भक्तिभावाने घेऊन बाजूस ठेवावा, खाऊ नये.

४. दागिने उजळून देण्याच्या किंवा दुप्पट करून देण्याच्या आमिषाने ते हातात मागितले जातात. अनोळखी व्यक्तीच्या हाती दागिना कधीही देऊ नये.

५. ‘रांगेशिवाय दर्शन घडवितो’ असे सांगून पैसे व सामान ताब्यात घेतले जाते. दर्शनाविषयीची माहिती केवळ मंदिराच्या कार्यालयातूनच घ्यावी.

देणगीदारांसाठी

देणगीची रक्कम किंवा देवासाठी घडविलेला अलंकार बरोबर घेऊन येणाऱ्या भाविकांवर मोठी जोखीम असते. मोठी रक्कम शक्यतो धनादेशाने अथवा बँकेमार्फत द्यावी. त्यामुळे प्रवासातील भय टळते. शिवाय २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगी आयकरातील वजावटीस पात्र धरली जात नाही, हेही लक्षात ठेवावे. अलंकार आणावयाचा असल्यास कार्यालयास आगाऊ कळवावे, सराफाची वजनासह पावती बरोबर ठेवावी आणि क्षेत्री येताच इतरत्र न जाता प्रथम कार्यालयात यावे. बाजारात किंवा गाडीत ‘आम्ही देवासाठी अलंकार नेत आहोत’ असे बोलू नये. देणगी अधिकृत कक्षातच द्यावी, पावतीवर आपले नाव व रक्कम वाचून पाहावी आणि कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे भरू नयेत.

चोरी झाल्यास

सर्व काळजी घेऊनही चोरी झाल्यास गोंधळून न जाता पुढील क्रमाने कार्यवाही करावी.

प्रथम बँकेस कळवून कार्ड व खाते बंद करावे. ग्राहकाने बँकेस कळविल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचे नुकसान बँकेने सोसावयाचे आहे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणून येथे प्रत्येक मिनिटास मोल आहे. खात्यातून रक्कम काढली गेल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

त्यानंतर पोलिसांत तक्रार द्यावी. कोणत्याही आपत्काळी ११२ हा क्रमांक लावता येतो. रेल्वेतील मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे. चालत्या गाडीत चोरी झाल्यास प्रवास सोडून उतरण्याची गरज नसते. तिकीट तपासनीस, गाडीचा गार्ड किंवा गाडीबरोबरील पोलीस यांच्याकडे तक्रारीचा नमुना मिळतो. तो भरून दिल्यास पुढील लोहमार्ग पोलीस चौकीकडे पाठविला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी भाविकास कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाल्यास या तरतुदीचा नम्रपणे उल्लेख करावा. त्याच दिवसापासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार प्रवासी वाहनातील वस्तूच्या चोरीस सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पूजास्थानातील मूर्तीच्या चोरीसही तीच शिक्षा आहे.

मोबाईल गेल्यास तक्रारीची प्रत व आयएमईआय क्रमांक यांच्या आधारे केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ सेवेतून तो बंद करता येतो. ही सोय २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. परतीचे पैसे नसल्यास संकोच न करता मंदिराच्या कार्यालयात यावे. घरच्या मंडळींशी संपर्क साधून देणे, पोलीस चौकीची वाट दाखविणे आणि महाप्रसादाची व्यवस्था करणे, हे कार्यालय आपले कर्तव्य समजते.

संशय आणि विवेक

सावध राहणे आणि संशयी होणे यांत अंतर आहे. फाटके कपडे, अनोळखी बोली किंवा भिक्षेची झोळी ही चोराची खूण नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच भटक्या इसमांना आणि १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांच्या वाहनचालकास केवळ अफवा व संशयापोटी जमावाने ठार केले. गेलेली पिशवी पुन्हा घेता येते, निरपराध माणसाचा गेलेला जीव परत येत नाही. कोणाचा संशय आल्यास सुरक्षारक्षकास अथवा पोलिसांस सांगावे. स्वतः हात उगारू नये आणि इतरांना उगारू देऊ नये.

त्याचप्रमाणे एखाद्यास पडलेली पिशवी, पाकीट किंवा दागिना सापडल्यास ती वस्तू कार्यालयात आणून द्यावी. जिची ती असेल, त्या कुटुंबाच्या दृष्टीने आणून देणारा हात देवाचाच असतो. बेवारस पिशवी दिसल्यास मात्र ती स्वतः न उघडता किंवा न हलविता सुरक्षारक्षकास कळवावे.

प्रत्येक भाविकाने आपले सामान, आपली माणसे व आपला विवेक सांभाळून श्रींचे दर्शन घ्यावे. घरातील एकही व्यक्ती दर्शनावाचून परतू नये आणि सर्वांची यात्रा निर्विघ्न व सुखरूप पार पडावी, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.